तबकडीची पुष्पिका : ध्वनिमुद्रिकांवरील क्रमांकांविषयी

हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखनिक जो चार ओळींचा मजकूर लिहून ठेवतो त्यास आपण पुष्पिका म्हणतो. पोथी कोणी लिहविली, कोणी लिहिली, कोणत्या शकात आणि कोणत्या गावी ती पुरी झाली, एवढेच तिच्यात असते. काव्य म्हणून तिचे मोल काहीच नाही. तरीही जाणता संशोधक पोथी हाती येताच प्रथम शेवटचे पान उलटतो, कारण त्या चार ओळी नसतील तर पुढच्या सगळ्या चर्चेला ठाम भूमी मिळत नाही. ग्रामोफोनच्या तबकडीलाही अशी पुष्पिका असते. ती अक्षरांत कमी आणि अंकांत अधिक असते. काही लेबलावर छापलेली, काही लेबलाबाहेरच्या गुळगुळीत काळ्या कड्यावर कोरलेली. गाणे ऐकणाऱ्याचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात आम्हांस या अंकांविषयीच बोलावयाचे आहे.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे की, मराठी नाट्यसंगीत, भावगीत, अभंग, लावणी, चित्रगीत हे सारे आपल्या अभ्यासक्रमात आता या ना त्या वाटेने आलेले आहे. विद्यार्थी प्रबंधात गाण्यांचे दाखले देतात, शिक्षक वर्गात गाणी ऐकवितात. मात्र छापील कवितेचा दाखला देताना आवृत्ती, वर्ष आणि पृष्ठ यांचा आग्रह धरणारे आपण, गाण्याचा दाखला देताना गायकाचे नाव सांगून मोकळे होतो. ते गाणे कोणत्या मुद्रणातले, कोणत्या तबकडीवरचे, केव्हाचे, हे प्रश्नच आपल्याला पडत नाहीत. हे प्रश्न पडावेत आणि त्यांची उत्तरे कोठे दडलेली असतात हे कळावे, इतकाच या लेखाचा हेतू आहे.

गाठीवरची खूण

आम्ही हे हिंगणघाटात बसून लिहीत आहोत, तेव्हा पहिले उदाहरण गावातलेच घेऊ. हिंगणघाट हे कापसाचे गाव. एकोणिसाव्या शतकात येथल्या कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्या नावानिशी निघत असे. कापसातून सरकी वेगळी झाली आणि रुई प्रेसमध्ये दाबली गेली की तिची गाठ होते. आमच्याकडे तिला गठाणही म्हणतात. १९२५ मध्ये जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांसाठी कायदा झाला. त्यान्वये प्रत्येक गाठीवर, ती प्रेसबाहेर पडण्यापूर्वी, त्या कारखान्याला नेमून दिलेली खूण आणि गाठीचा अनुक्रमांक घालणे बंधनकारक ठरले. हेतू उघड होता. रुईत भेसळ निघाली किंवा वजन वाढविण्यासाठी पाणी मारलेले आढळले, तर गाठ मुंबईत असो की मँचेस्टरला, ती कोणत्या प्रेसमधून निघाली हे कळले पाहिजे. याखेरीज व्यापारी आपापला मार्का घालीत, तो वेगळा. म्हणजे एकाच गाठीवर दोन प्रकारच्या खुणा आल्या. एक खूण ती गाठ कोठे जन्मली हे सांगते. दुसरी ती कोणत्या नावाने विकली जात आहे हे सांगते.

हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण ध्वनिमुद्रिकांच्या क्रमांकांचे सारे शास्त्र त्यावरच उभे आहे. फरक एवढाच की गिरणीत गाठ सुटली की तिच्या क्रमांकाचे काम संपते. तबकडी मात्र पन्नास-शंभर वर्षे टिकते. हिशेबासाठी घातलेला आकडा मूळ हिशेबवही गेल्यावरही उरतो आणि इतिहासाची साक्ष देऊ लागतो.

कलकत्ता ते हॅनोव्हर

ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गाइसबर्ग १९०२ च्या ऑक्टोबरअखेरीस कलकत्त्यास उतरला आणि नोव्हेंबरमध्ये तेथे हिंदुस्थानातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे झाली. क्लासिक थिएटरच्या शशिमुखी आणि फणिबाला या दोन गायिका-नटींचा आवाज प्रथम घेतला गेला. पाठोपाठ गौहर जान आली. त्या एका फेरीत पाचशेहून अधिक मुद्रणे झाली. मेणाच्या जाड चकत्यांवर कोरलेला हा आवाज जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला गेला. तेथे साचे तयार झाले, तबकड्या दाबल्या गेल्या, आणि १९०३ मध्ये त्या हिंदुस्थानात विकावयास आल्या.

आता हॅनोव्हरच्या कारखान्यातील कामगाराचा विचार करावा. त्याच्यापुढे बंगाली, हिंदुस्थानी, उर्दू अशा भाषांतील शेकडो चकत्या आहेत. त्यांतील एक शब्दही त्याला समजत नाही आणि एक गाणे दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्याची त्याची शक्यता नाही. गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीतून आपले नाव पुकारते, ते याच कारणासाठी असे सांगितले जाते. पण नाव पुकारल्याने गायिका कळते, गाणे कळत नाही. म्हणून प्रत्येक चकतीवर मुद्रणाच्या वेळीच एक क्रमांक कोरला जाई. भाषा न कळणाऱ्या माणसांमध्ये तो क्रमांक हीच सामाईक भाषा होती. चकतीवर तोच, कलकत्त्याच्या वहीत तोच, आणि लेबल छापणाऱ्याच्या कागदावरही तोच. लेबलावर शब्दांच्या कितीही चुका झाल्या, तरी कोरीव आकड्यावरून मूळ वहीतील नोंदीपर्यंत जाता येत असे.

१९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कंपनीचा कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये तो दमदमला गेला. तबकड्या आता येथेच दाबल्या जाऊ लागल्या. लाखेचे पीक आपलेच होते, आवाज आपला होता आणि मजूरही आपले. क्रमांकांची पद्धत मात्र बाहेरूनच आलेली होती आणि तीच कायम राहिली.

दोन क्रमांक

जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी उजेडात तिरपी धरून पाहिली की दोन वेगळे क्रमांक दिसतात. लेबलावर छापलेला तो सूची-क्रमांक. दुकानदार आणि गिऱ्हाईक याच क्रमांकाने तबकडी मागत, आणि कंपनीच्या मासिक याद्यांतही तोच छापला जाई. लेबलाच्या कडेला उमटलेला तो साच्याचा क्रमांक, ज्याला संग्राहक मॅट्रिक्स नंबर म्हणतात. पहिला विक्रीचा, दुसरा जन्माचा. तबकड्या दुहेरी झाल्यावर दोन्ही बाजूंना मिळून सूची-क्रमांक एकच राहिला, मात्र साच्याचे क्रमांक दोन झाले, कारण दोन बाजूंची गाणी ही दोन निराळी मुद्रणे होत. काही वेळा ती निराळ्या दिवशी, निराळ्या साथीदारांसह झालेली असतात.

साच्याच्या क्रमांकाला चिकटलेली अक्षरेही बोलकी असतात. ग्रामोफोन कंपनीच्या प्रारंभीच्या पद्धतीत अक्षरावरून मुद्रण करणारा तंत्रज्ञ आणि चकतीचा आकार ओळखता येई. एकच गाणे समाधान होईपर्यंत पुन्हा घेतले, तर क्रमांकाला आणखी एक खूण जोडली जाई. म्हणून एकाच सूची-क्रमांकाच्या दोन तबकड्या जुळवून पाहिल्या असता क्वचित असे आढळते की, लेबल तेच, गायक तोच, पण गायलेले वेगळे आहे: तान निराळी, शेवट निराळा. कारण पहिला साचा झिजल्यावर कंपनीने दुसऱ्या घेतलेल्या मुद्रणाचा साचा वापरला. लेबल हे सांगत नाही. ते कळते कोरीव खुणेवरून.

साहित्याच्या विद्यार्थ्यास यात अपरिचित असे काही नाही. आपण ज्याला पाठभेद म्हणतो तोच हा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये ती पूर्ण केली. वि. सी. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक पोथीला लिपीवरून एक अक्षर आणि त्यापुढे एक अंक दिला: शारदा पोथ्यांना एक अक्षर, बंगालींना दुसरे, तेलुगूंना तिसरे. पानाच्या तळाशी दिसणारी ती अक्षरे आणि अंक म्हणजे पोथ्यांचे क्रमांकच. ते काढून टाकले तर चिकित्सक आवृत्ती केवळ एक छापील पोथी होईल. तबकडीवरचा साच्याचा क्रमांक हे गाण्याच्या पाठचिकित्सेतील तसलेच चिन्ह होय. पोथीला ते चिन्ह संशोधकाने मागाहून दिले. तबकडी ते जन्मतःच घेऊन आली, हा तिचा विशेष.

अंकांतील वर्गवारी

क्रमांक निर्जीव दिसले तरी निर्हेतुक नसतात. ग्रामोफोन कंपनीच्या पहिल्या काळातील सूची-क्रमांकांत जगाची एक वर्गवारीच मांडलेली होती. पाच आकडी क्रमांकातील पहिला आकडा प्रदेश सांगे, दुसरा संगीताचा प्रकार. पुरुषाच्या गायनास २ आणि स्त्रीच्या गायनास ३. इटलीचा आकडा ५; म्हणून इटालियन गायकाच्या तबकड्या ५२ ने, तर गायिकेच्या ५३ ने आरंभ होत. पौर्वात्य देशांचा आकडा १. त्यामुळे हिंदुस्थानातील गायकांचे क्रमांक १२ हजारांच्या आणि गायिकांचे १३ हजारांच्या घरात पडले. आकडे संपत आले तेव्हा पुढे आणखी एक अंक जोडून तीच मालिका चालविण्यात आली.

या मांडणीतून दोन गोष्टी दिसतात. इटलीला स्वतःचा आकडा मिळाला, पण बंगाली कीर्तन, हिंदुस्थानी ठुमरी आणि मराठी पद या साऱ्यांना ‘पौर्वात्य’ या एकाच कोठीत जागा करून घ्यावी लागली. भाषा लेबलावर लिहिली जाई. क्रमांकात तिला स्थान नव्हते. दुसरी गोष्ट मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला विशेष रोचक वाटावी. स्त्री आणि पुरुष अशी विभागणी करणारी ही पद्धत, ज्या रंगभूमीवर सुभद्रा आणि शकुंतला पुरुष गात होते त्या रंगभूमीची गाणी टिपावयास आली होती. भूमिका कोणाची आणि कंठ कोणाचा, हा आपल्या संगीत नाटकाचा गाभ्याचा प्रश्न. आणि या क्रमांकाच्या दोन आकड्यांत त्यासाठी जागाच नव्हती. वर्गीकरण करणारा जे प्रश्न विचारीत नाही त्यांची उत्तरे वर्गीकरणात सापडत नाहीत, हे येथे स्पष्ट होते.

याच संदर्भात एका तारखेची आठवण होते. किर्लोस्कर मंडळीतील भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले. गाइसबर्ग कलकत्त्यास आला तो पुढल्या वर्षी. भाऊरावांच्या आवाजाविषयी आपल्याकडे आठवणींचे ढीग आहेत. त्या आवाजाला क्रमांक मात्र नाही. पुढच्या पिढीतही भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँ यांच्या गायनाच्या तबकड्या निघाल्या नाहीत. म्हणून त्यांच्याविषयी आपण जे लिहितो ते ऐकीव असते, आणि बालगंधर्वांविषयी लिहितो ते पडताळता येण्याजोगे असते, किंवा असावयास हवे.

नावे फसवितात

लेबलावर नाव असतेच, मग क्रमांकाची एवढी मातब्बरी कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, नावे फसवितात. ‘महल’ (१९४९) या चित्रपटातील लता मंगेशकरांचे अतिशय गाजलेले गीत घ्यावे. त्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे नाव छापलेले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव. पडद्यामागे कोण गाते हे सांगण्याची रीत तेव्हा रुळलेली नव्हती. पुढे लताबाईंनीच मराठी चित्रपटांना ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले. ‘साधी माणसं’ (१९६५) हे त्यांतले एक. म्हणजे एकाच व्यक्तीची तीन नावे, त्यांतले एक तर पात्राचे. नावांच्या आधारे सूची करणारा येथे चुकणारच. तबकडीचा क्रमांक मात्र बदलत नाही. त्याच्याशी बांधलेली नावे मागाहून दुरुस्त करता येतात.

त्यातच मास्टर, मिस, मिस्टर, बाई, बुवा, खाँसाहेब अशा उपाध्या, आडनावांची निरनिराळी स्पेलिंगे, आणि गावावरून पडलेली नावे. कवीची स्थिती याहून वाईट. जुन्या तबकड्यांवर गायकाचे नाव ठळक असे, रागाचे असे, नाटकाचेही असे. पदे कोणाची हे पुष्कळदा नसे. वाङ्मयाच्या इतिहासकाराला ज्याची सर्वाधिक गरज, तेच नेमके गाळलेले.

कविता एक, मुद्रणे अनेक

विदर्भातील उदाहरण घेऊ. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता नागपूरचे तरुण गायक गोविंदराव जोशी गात असत. १९३०च्या दशकाच्या आरंभी तिची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताचा आरंभ या तबकडीपासून मानण्याची प्रथा पडली. जोशी पुढे एचएमव्ही कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या त्यांच्या आठवणी वाचनीय आहेत. आता पाहा: कवितेचा संग्रह याच नावाने १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे तबकडी घरोघर वाजू लागल्यावर कितीतरी वर्षांनी. हजारो मराठी माणसांनी ही कविता पुस्तकात वाचण्यापूर्वी ऐकली. तिच्या प्रसाराचा इतिहास लिहावयाचा तर पहिली आवृत्ती कोणती मानावी? आमच्या मते तबकडी ही येथे प्रकाशनच आहे, आणि तिचा क्रमांक हा त्या प्रकाशनाचा पुरावा.

दुसरे उदाहरण ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून त्याचे प्रसारण सुरू झाले आणि वर्षभरात गदिमांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात सादर झाली. त्या मूळ मालिकेत माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे असे अनेक कंठ होते. पुढे एचएमव्हीने दीर्घ तबकड्यांचा जो संच काढला तो एकट्या फडक्यांच्या आवाजात. आज ‘गीतरामायण’ म्हटले की बहुतेकांच्या कानांत हा दुसरा पाठ असतो. गीते तीच, चाली त्याच, परंतु नाट्य वेगळे: अनेक पात्रांनी आपापल्या मुखाने बोलणे आणि एका कथनकाराने सर्वांच्या मुखाने बोलणे, हा कथनशास्त्रातला मोठा भेद आहे. वर्गात ‘गीतरामायणा’तील निवेदकाची चर्चा करणाऱ्याने आपण कोणत्या पाठाविषयी बोलतो हे आधी सांगितले पाहिजे.

पुढे जे आंतरराष्ट्रीय संकेत आले त्यांनी हा भेद अधिकृत केला. आयएसआरसी हा संकेत १९८६ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाला. तो प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वतंत्रपणे दिला जातो. आयएसडब्ल्यूसी हा त्यानंतर, २००१ मध्ये आला. तो मुद्रणाला नव्हे तर रचनेला, म्हणजे शब्द आणि चाल यांनी बनलेल्या कृतीला दिला जातो. ‘गीतरामायणा’तील एका गीताला रचना म्हणून संकेत एक, पण ते दहा जणांनी गाऊन मुद्रित केले तर मुद्रणाचे संकेत दहा. यावर विकल्या जाणाऱ्या वस्तूचा, म्हणजे सीडीचा वा संचाचा, बारकोड वेगळाच. कृती, मुद्रण आणि विक्रीची प्रत या तीन पायऱ्या ज्याने मनात पक्क्या केल्या त्याचा संगीतविषयक लेखनातला निम्मा गोंधळ संपला.

मोजणीचा वाद

हा गोंधळ किती महागात पडतो याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लताबाईंच्या गाण्यांची संख्या. गिनेस बुकाने १९७४ मध्ये त्यांच्या नावे २५ हजार गाण्यांचा विक्रम नोंदविला. महंमद रफींनी त्यास हरकत घेतली, वाद झाला, आणि १९९१ मध्ये ती नोंद गाळण्यात आली. दरम्यान काही संग्राहकांनी वेगळी वाट धरली. कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ दशकवार सिद्ध केला, आणि त्यात गीतासोबत तबकडीचा क्रमांकही दिला. मुंबईचे विश्वास नेरुरकर यांनी लताबाईंच्या गाण्यांची स्वतंत्र सूची केली. अशा सूच्यांनी जेव्हा एकेक गाणे मोजले तेव्हा आकडा काही हजारांत स्थिरावला. २५ हजारांच्या तो जवळपासही नव्हता. गायिकेच्या थोरवीस यामुळे बाधा आली नाही. बाधा आली ती न मोजता बोलण्याच्या आपल्या सवयीला.

शास्त्रीय संगीतात हेच काम ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी केले. ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची त्यांची सूची मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. कंपनीची जुनी कागदपत्रे, मासिक याद्या आणि प्रत्यक्ष तबकड्या यांवरील क्रमांक एकमेकांशी ताडून ती सिद्ध झालेली आहे. अब्दुल करीम खाँ यांच्यावरील त्यांचे पुस्तक (२००३) तर चरित्र आणि सूची यांचा मेळ कसा घालावा याचा वस्तुपाठच आहे. खाँसाहेबांची तरुणपणची मुद्रणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. लोकांच्या कानी असलेली बरीचशी मुद्रणे ओडियन कंपनीची, १९३०च्या दशकातली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षांतली. ही दोन्ही एकाच कॅसेटवर क्रमांक न देता एकामागून एक आली, की तीस वर्षांचे अंतर पुसले जाते आणि किराणा घराण्याच्या गायकीविषयी भलतेच सिद्धान्त जन्मास येतात. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाने अशा सूच्यांना घर दिले. सुरेश चांदवणकर यांनी ‘यंग इंडिया’ या मुंबईच्या देशी छापाचा मागोवा घेतला तोही याच परंपरेत. १९३५ नंतरच्या दोन दशकांत या कंपनीने अनेक नवख्या मराठी गायकांना पहिली संधी दिली होती. मोठ्या कंपनीच्या यादीत ही नावे शोधून मिळणार नाहीत.

नवे संकेत आणि जुने आवाज

आज जुनी गाणी महाजालावर विनासायास मिळतात, प्रत्येकास संकेतही असतो, मग काळजी कसली, असे वाटणे स्वाभाविक आहे. येथे एक सूक्ष्म फसगत आहे. आयएसआरसीच्या बारा चिन्हांत दोन आकडे वर्षाचे असतात. ते वर्ष संकेत दिल्याचे असते, मुद्रणाचे नव्हे. १९३५ मधील तबकडीचे २००५ मध्ये संगणकीय रूपांतर करून तिला प्रथमच संकेत दिला, तर त्यात ०५ येते. शिवाय हक्काची मुदत संपलेली एकच जुनी तबकडी चार कंपन्यांनी आपापल्या परीने साफ करून प्रसिद्ध केली, तर तिला चार संकेत मिळू शकतात. म्हणजे नवा संकेत व्यवहाराचा आहे. मानधन कोणाच्या खात्यात जमा व्हावे यासाठी तो उत्तम. इतिहासाचा प्रश्न सोडविण्यास तो असमर्थ आहे, आणि त्याचा तो दावाही नाही. रूपांतर करताना साच्याचा जुना क्रमांक नोंदविला नाही तर नव्या संकेतावरून मागे जाण्याची वाटच उरत नाही.

कायद्याच्या बाजूनेही पाहू. ध्वनिमुद्रणावरील हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो. तबकडी केव्हा प्रसिद्ध झाली हे त्यासाठी कळले पाहिजे. मुद्रिकेवर प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापण्याचे बंधन आले ते १९८४ च्या दुरुस्तीने. त्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर वर्ष सहसा नसेच. तेथे क्रमांक हीच जंत्री. साच्याचा क्रमांक मुद्रणाचा क्रम सांगतो, सूची-क्रमांक आणि मासिक याद्या प्रकाशनाचा. दोन्हींत अंतर पडू शकते, आणि म्हणून दोन्ही नोंदवावे लागतात.

पुस्तकांच्या बाबतीत आपण बरे आहोत. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत पोचविणे प्रकाशकावर बंधनकारक झाले, आणि १९५६ मध्ये वृत्तपत्रेही त्यात आली. ध्वनिमुद्रिका मात्र त्या कायद्याच्या कक्षेत नव्हत्या. एचएमव्हीने वा यंग इंडियाने काढलेली प्रत्येक तबकडी कोठेतरी शासकीय कपाटात सुरक्षित असेल, असे मानण्यास त्यामुळे आधार नाही. जे टिकले ते कंपन्यांच्या कोठारांत, काही संस्थांत, आणि फार मोठ्या प्रमाणावर खासगी घरांत.

ही घरे केवळ पुण्या-मुंबईत नाहीत. हिंगणघाट, वर्धा, आर्वी, उमरावती, यवतमाळ अशा कापसाच्या पैशावर वाढलेल्या गावांतील वाड्यांत ग्रामोफोन होता आणि तबकड्यांच्या पेट्याही होत्या. वाडे पडतात, फ्लॅट होतात, पेट्या भंगारवाल्याकडे जातात. लाखेची तबकडी एकदा फुटली की फुटली. सर्व तबकड्या वाचविणे कोणाच्याच आवाक्यातले नाही, हे आम्ही जाणतो. परंतु तबकडी जाण्यापूर्वी तिच्यावरील क्रमांक उतरवून घेणे हे महाविद्यालयातील कोणत्याही विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. छाप कोणता, लेबलावरचा क्रमांक कोणता, दोन्ही बाजूंचे कोरीव क्रमांक कोणते, त्यांना जोडलेली अक्षरे कोणती, आणि लेबलावरील सारा मजकूर चुकांसकट जसाच्या तसा: एवढी नोंद पुरे. चुका सुधारण्याचा मोह टाळावा. ‘कामिनी’ हे नाव कोणी सुधारून ‘लता’ असे लिहिले असते तर त्या काळची एक प्रथाच आपल्याला कळली नसती.

आमच्या मराठी विभागांतून दरवर्षी लोकगीतांच्या आणि ओव्यांच्या संकलनाचे प्रकल्प होतात, ते स्तुत्यच आहेत. त्यांच्या जोडीला एखाद्या वर्षी एका तालुक्यातील घरांत उरलेल्या तबकड्यांची सूची हा प्रकल्प का असू नये? त्यासाठी यंत्र लागत नाही, तबकडी वाजविण्याचीही गरज नाही. लागतो तो एक भिंग, तिरपा उजेड आणि रेषा आखलेली वही. अशा दहा तालुक्यांच्या वह्या एकत्र आल्या, तर कोणती मराठी गाणी विदर्भात खरोखर ऐकली जात होती, नाट्यपदे अधिक की अभंग, मुंबईचे छाप अधिक की कलकत्त्याचे, हे अनुमानाने नव्हे तर पुराव्याने सांगता येईल. वाङ्मयीन अभिरुचीचा इतिहास आपण आजवर मासिके आणि समीक्षाग्रंथ यांवरून लिहिला. त्या अभिरुचीचा फार मोठा भाग कानांनी घडविलेला आहे, आणि त्याची पुष्पिका अंकांत लिहिलेली आहे.